एका पेनीचें टपाल

लंडनांत सेंट पॉलचें मंदिर पाहून बाहेर पडलेला प्रवासी बहुधा नदीकडे वळतो. आम्हीं मात्र त्या दिवशीं नदीकडे पाठ करून उत्तरेची वाट धरली. सेंट मार्टिन्स-ल-ग्रांड या रस्त्यावर १८२९ पासून इंग्लंडच्या टपालखात्याची मुख्य कचेरी होती. ग्रीक देवळासारख्या खांबांची ती भव्य इमारत १९१२ सालीं पाडण्यांत आली. शेजारीं एक लहानशी बाग तेवढी राहिली आहे. टपालकचेरींतील शिपाई व कारकून दुपारचे घटकाभर टेंकावयास तेथें येत, म्हणून तिला 'पोस्टमन्स पार्क' असें नांव पडलें. आम्हींहि आमची शिदोरी तेथेंच सोडली. पलीकडे किंग एडवर्ड रस्त्यावर रोलंड हिल यांचा पुतळा उभा आहे. या गृहस्थांचें नांव आपल्याकडे तिकिटें जमविणाऱ्या मुलांनाच काय तें ठाऊक असतें. आणि तिकिट ही तर त्यांच्या कामगिरींतील सर्वांत लहान बाब होय.

१८४० पूर्वीं इंग्लंडांत पत्राचें हांशील बहुधा पाठविणारा भरीत नसे; ज्याच्या दारीं पत्र येई तो भरी. आपल्याकडे ज्याला 'नॉटपेड' म्हणत, तशींच बहुतेक सारीं पत्रें. शिवाय आकार अंतरावर व कागदांच्या संख्येवर असे. एका कागदास पंधरा मैलांपर्यंत चार पेन्स, ऐशीं मैलांपर्यंत आठ, तीनशें मैलांस एक शिलिंग. कागद दोन झाले कीं हांशील दुप्पट, तीन झाले कीं तिप्पट. पाकिट वापरलें तर तोहि एक कागद! म्हणून पत्राचीच घडी घालून तिला लाख लावीत व पाठीवर पत्ता लिहीत. आंत दुसरी चिठ्ठी दडविलेली नाहीं ना, हें कारकून दिव्यासमोर पत्र धरून पाही. काटकसरी लोक एकदां भरलेलें पान फिरवून त्याच ओळींवरून पुन्हां उभ्या ओळी लिहीत. अशीं पत्रें वाचतांना आज आपले डोळे शिणतात. ज्यांनीं तीं दिव्याच्या उजेडांत वाचलीं, त्यांची ओढ केवढी असेल! पार्लमेंटचे सभासद मात्र नुसती सही करून फुकट पत्रें धाडीत. ज्याच्या खिशांत पैसा त्यालाच सूट, हा न्याय सर्व देशांत सारखाच दिसतो.

शेतमजुराची आठवड्याची कमाई तेव्हां आठ-दहा शिलिंगांच्या घरांत होती. लंडनांत चाकरीस असलेल्या मुलीचें पत्र दूरच्या खेड्यांत आलें, म्हणजे आईनें पोस्टमनच्या हातांतील अक्षर ओळखावें, आणि पत्र परत द्यावें. कवि कोलरिज यांच्याविषयीं अशी गोष्ट सांगतात कीं, एक बाई भावाचें पत्र नाकारीत आहे असें पाहून त्यांनीं दयेनें शिलिंग भरला. पोस्टमन गेल्यावर बाईनें पत्र उघडून दाखविलें, तों आंत कागद कोरा! भावाबहिणींचा संकेत ठरलेला होता: पत्र दारीं आलें म्हणजे भाऊ खुशाल आहे. लबाडीच ही, पण तिचा दोष त्या दोघांना देण्यास आमचें मन घेत नाहीं.

हिल हे शाळा चालविणाऱ्या घराण्यांतले. लहानपणीं पोस्टमन दाराशीं आला कीं त्यांच्या आईच्या पोटांत धस्स होई, कारण हांशिलापुरते पैसे घरांत नसत. एकदां त्या पैशांसाठीं चिंध्यांची पिशवी विकावयास रोलंडलाच बाहेर पाठविलें होतें. १८३७ सालीं काढलेल्या पुस्तिकेंत त्यांनीं हिशेब मांडला कीं, लंडनहून एडिंबरोस एक पत्र वाहून नेण्याचा खर्च पेनीचा छत्तिसावा भाग. खरा पैसा जातो तो कागद मोजण्यांत, अंतर पाहण्यांत, दारोदार वसुली करण्यांत आणि या साऱ्याचे जमाखर्च लिहिण्यांत. मग अंतर मोजावें कशाला? देशभर एकच दर ठेवावा आणि तो आगाऊ घ्यावा. खात्याच्या वरिष्ठांनीं ही कल्पना वेडगळ ठरविली. व्यापाऱ्यांनीं ती उचलून धरली.

१० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाचें, म्हणजे सुमारें सव्वा तोळ्याचें पत्र देशांत कोठेंहि एका पेनींत जाऊं लागलें. आगाऊ न भरल्यास घेणाराकडून दुप्पट. सभासदांची फुकट सही त्याच दिवशीं गेली. मे महिन्यांत राणी व्हिक्टोरियाच्या मुखाचें काळें तिकिट निघालें. त्यावरील तांबडा शिक्का पुसून लोक तिकिट पुन्हां वापरतील अशी धास्ती पडली, तेव्हां १८४१ सालीं तिकिट तांबडें व शिक्का काळा करावा लागला. पत्रांची संख्या साडेसात कोटींच्या आसपास होती, ती एका वर्षांत सतरा कोटींच्या घरांत गेली. नफा मात्र घटला, आणि पूर्वपदास येण्यास त्याला बरींच वर्षें लागलीं. विरोधकांचें तेवढें म्हणणें खरें ठरलें.

बागेंतून निघून अर्ध्या तासांत आम्ही माउंट प्लेझंटला पोंचलों. नांव रमणीय, पण पूर्वीं येथें शहराचा केर पडे. पुढें जवळच तुरुंग झाला, आणि १८८५ सालीं तो बंद पडल्यावर जागा टपालखात्याकडे आली. २०१७ पासून येथें टपालाचें संग्रहालय आहे. १७८४ सालीं सुरू झालेल्या टपालगाडीची हकीकत येथें कळते. ब्रिस्टलहून दुपारीं चारला निघून तिनें सकाळीं आठला लंडन गांठावें. रक्षकापाशीं बंदूक, कर्णा व कुलुपबंद घड्याळ. कर्णा ऐकूं येतांच नाकेदारानें फाटक उघडावें, कारण टपालास जकात नाहीं. जमिनीखालीं तर टपालाची स्वतंत्र आगगाडीच होती. १९२७ ते २००३ पर्यंत ती पॅडिंग्टन ते व्हाइटचॅपल अशी साडेसहा मैल, चालकावांचून, विजेवर धांवे. तिच्या थोड्याशा वाटेवर आतां पाहुण्यांस फिरवितात. छत इतकें ठेंगणें कीं आमच्यांतील उंच मंडळींना गुडघे छातीशीं घ्यावे लागले. पत्राच्या वाटेनें पत्रासारखीच घडी होऊन जाण्याचा हा योग!

पेनीच्या टपालामागोमाग पोस्टाची खिडकी गरिबांची पेढीहि झाली: १८६१ सालीं बचतीचें खातें, १८७० त अर्ध्या पेनीचें कार्ड, १८८३ त पार्सलें, १९०९ पासून वृद्धांचें पेन्शन. त्याच १९०९ च्या फेब्रुवारींत मताचा हक्क मागणाऱ्या दोघी स्त्रियांनीं, एल्स्पेथ मॅक्लेलंड व डेझी सॉलोमन यांनीं, एक गंमत केली. जलद पोंचविण्याच्या नियमांत, तीन पेन्स भरल्यास माणसासहि निरोप्याबरोबर पत्त्यावर नेऊन सोडण्याची सोय होती. दोघींनीं स्वतःसच पंतप्रधानांच्या पत्त्यावर टपालांत टाकलें! निरोप्या पोरगा त्यांना घेऊन डाउनिंग स्ट्रीटवर गेला. आंतून पत्र घेण्याचें नाकारण्यांत आलें. नियम पाळला गेला, आणि 'पत्रें' परत आलीं.

हिल यांची कल्पना आपल्याकडे येण्यास फार दिवस लागले नाहींत. साताऱ्यास रेसिडेंट असलेले बार्टल फ्रिअर पुढें सिंधचे कमिशनर झाले, व १८५२ सालीं त्यांनीं तेथें अर्ध्या आण्याचें तिकिट काढलें. आशियांतलें चिकटवावयाचें तिकिट तें पहिलेंच. १८५४ त देशभर पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा, मग तें कितीहि दूर जावो, असें ठरलें. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव हे टपालखात्यांतच कारकून होते, आणि अमेरिकेंतल्या कार्पेंटरबाईंशीं आनंदीबाईंचा मावशीचा नाता जुळला तो पत्रांवरच. १८८३ सालीं त्या आगबोटींत चढल्या तेव्हां ज्या घरीं जावयाचें, तेथलें अक्षर त्यांच्या ओळखीचें होतें, चेहरा पाहिलेला नव्हता.

संग्रहालयांतून निघतांना आम्हीं एक चित्रकार्ड घेतलें. 'सा. न. वि. वि.' लिहून झाल्यावर जागा चार ओळींची उरली. तेव्हां मजकूर संपवून कार्ड फिरविलें आणि उरलेलें उभें लिहिलें. बाहेरच्या तांबड्या पेटीवर शेवटचें टपाल निघण्याची वेळ लिहिलेली होती. घड्याळ पाहिलें, वीस मिनिटें बाकी होतीं.