चार वर्षांआधीची यादी

छंद कुणाला कोणता जडावा, याला नियम नाही. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी. आमचा छंद ऐकून घरची मंडळी हसतात. एक ऑलिंपिक संपले, की पुढच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला जिम्नॅस्टिक्स संघात कोण असतील, याची यादी आम्ही वहीत लिहून ठेवतो. तीही चार वर्षे आधी! त्या देशाशी आमचे नातेगोते नाही, आणि उभ्या आयुष्यात आम्ही धड कोलांटीउडी घेतलेली नाही. तरीही ही यादी लिहिताना जो आनंद होतो, तो सांगून समजायचा नाही.

काम वाटते तितके सोपे नाही. पॅरिसला २०२४ साली संघात पाच जणी होत्या. त्याआधी टोकियोत चारच. व्हॉल्ट, असमान दांड्या, बॅलन्स बीम आणि फ्लोअर असे चार प्रकार असतात. सांघिक अंतिम फेरीत प्रत्येक प्रकारात तिघी उतरतात आणि तिघींचेही गुण धरले जातात. एकीचा पाय घसरला, तर ती घसरण झाकायला चौथी नसते. म्हणून सर्वांत गुणवान अशा पाच मुली निवडल्या, की उत्तम संघ झाला, असे होत नाही. एकीचे उणे दुसरीने भरून काढावे लागते. त्यातच गुणदानाची नियमावली दर ऑलिंपिकनंतर नव्याने येते, आणि काल जिला मोल होते, त्या कसरतीचे मोल आज उतरते. ऑलिंपिकनंतरच्या पहिल्या वर्षी जागतिक स्पर्धेत सांघिक लढतच नसते; त्यामुळे अंदाज बांधायला आधारही तोकडा.

शिवाय वयाची अट आहे. ऑलिंपिकच्या वर्षात मुलीला सोळावे वर्ष पूर्ण व्हावे लागते. लॉस एंजेलिस येथील २०२८ च्या ऑलिंपिकसाठी २०१२ साली जन्मलेली मुलगी पात्र ठरते. म्हणजे पॅरिसच्या स्पर्धा आटोपताच जो यादी करायला बसेल, त्याला जेमतेम बारा वर्षांच्या पोरींच्या कपाळावर काय लिहिले आहे, ते वाचावे लागेल.

पॅरिसचेच उदाहरण घेऊ. २०२२ साली लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. त्या संघातील शायलीस जोन्स हिने वैयक्तिक सर्वसाधारण स्पर्धेत रौप्य मिळवले, आणि पुढच्या वर्षी कांस्य. तिचे नाव वगळून यादी करणारा विरळाच. पण २०२४ च्या जूनमध्ये मिनीॲपोलिसला निवड चाचणी भरली, तेव्हा काय झाले? सरावातच स्काय ब्लेकलीची टाचेमागची धोंडशीर तुटली. कायला डिचेलोचीही व्हॉल्टवर तीच गत झाली. जोन्सचा गुडघा दुखावला. तिघींचे पॅरिस तिथेच संपले. संघात गेली सोळा वर्षांची हेझली रिव्हेरा. टोकियोच्या वेळी ती तेरा वर्षांची होती. उरलेल्या चौघी, म्हणजे सिमोन बाइल्स, सुनीसा ली, जॉर्डन चाइल्स आणि जेड कॅरी, टोकियोला जाऊन आलेल्या होत्या. त्यांपैकी बाइल्सने तिथे सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली होती, आणि लीला २०२३ साली मूत्रपिंडाच्या विकाराने गाठले होते. या पाच जणींनी पॅरिसला सुवर्ण जिंकले.

काळ तर याहून लहरी. महामारीमुळे टोकियोचे ऑलिंपिक वर्षभर लांबले, आणि २०२० साली वयात न बसणारी रशियाची व्हिक्टोरिया लिस्तुनोव्हा २०२१ साली बसली. तिच्या संघाने सुवर्ण नेले. मायकेला स्किनर २०१६ साली राखीव राहिली होती. टोकियोत पात्रता फेरीनंतर तिची स्पर्धा संपल्यातच जमा होती, कारण एका देशाच्या दोघींनाच वैयक्तिक अंतिम फेरीत प्रवेश मिळतो. पण बाइल्सची व्हॉल्टमधील जागा रिकामी झाली, स्किनर उभी राहिली, आणि चोवीस वर्षांच्या त्या मुलीने रौप्य मिळवले.

वही चाळताना एक विचार मात्र मनातून जात नाही. २०१८ च्या जानेवारीत मिशिगन राज्यातील न्यायालयात दीडशेहून अधिक महिलांनी व मुलींनी संघाच्या डॉक्टरने केलेल्या अत्याचारांची कैफियत मांडली. लंडनला २०१२ साली सुवर्ण जिंकणाऱ्या ॲली राइसमन आणि जॉर्डिन वीबर त्यांत होत्या. ज्यांच्या उड्यांचे दशांश जग मोजत होते, त्यांच्या वेदनेची नोंद मात्र कुठल्याच गुणपत्रिकेत नव्हती. यादीत नाव येते, गुण येतात, दुखापतीपुढे फुलीही येते. पण ते नाव धारण करणारे लेकरू रात्री सुखाने झोपते की नाही, हे यादी सांगत नाही.

वाचकहो, अशा याद्या काय फक्त क्रीडारसिकच करतात? मूल रांगू लागले, की आपल्या घरांतही भाकिते सुरू होतात. हा डॉक्टर होणार, ही परदेशी जाणार. पाहुण्यांसमोर ते भाकीत इतक्या वेळा उच्चारले जाते, की पुढे मुलाला ते ऋणासारखे फेडावे लागते. भविष्य वर्तवण्यात पाप नाही; त्यात कौतुक असते, जिव्हाळा असतो. पण अंदाज आपला असतो आणि गुडघा त्या मुलीचा, एवढे भान सुटू नये.

बाइल्सने टोकियोत माघार घेतली, तेव्हा जगभरच्या याद्या कोसळल्या. परंतु ती स्वतः सावरली. काही दिवसांनी बीमवर परत आली, कांस्य घेऊन गेली, आणि तीन वर्षांनी पॅरिसला उतरली. तिने 'आज नाही' म्हटले, म्हणूनच पुढचा दिवस उगवला, असे आम्हांला वाटते.

म्हणून अलीकडे आम्ही यादी पेन्सिलीने लिहितो. चार नावे लिहितो आणि पाचवी ओळ कोरी ठेवतो. ती ओळ जिची असेल, ती मुलगी आज कुठल्या तरी व्यायामशाळेत बीमवरून पडत असेल आणि पुन्हा चढत असेल. तिला आमची यादी ठाऊक नाही, हे किती बरे आहे!