दोन घड्याळांचा संसार

लग्नाला जेमतेम दीड महिना झाला होता. पुण्याहून आलेली गाडी जयपूरच्या स्टेशनात थांबली, तेव्हा दोघांकडे मिळून चार सुटकेस, एक प्रेशर कुकर आणि सासूबाईंनी डब्यात दाबून भरून दिलेला दोन किलो गोडा मसाला होता. जून महिना होता. फलाटावर पाय ठेवताच तोंडावर गरम वाऱ्याचा झोत आला आणि तिला वाटलं, कुणीतरी भट्टीचं दारच उघडलं!

त्याला एका खाजगी कंपनीत जयपूरची नोकरी मिळाली होती. ती पुण्यात शाळेत भूगोल शिकवायची. लग्न ठरलं तेव्हा तिने राजीनामा दिला. घरच्यांनी पत्रिका जुळवल्या, दोन वेळा भेटी झाल्या, फोनवर थोडंफार बोलणं झालं, एवढीच काय ती ओळख. बाकीची ओळख संसारात होईल, असं सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं.

चांदपोल दरवाज्याच्या आत एका जुन्या हवेलीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालकीणबाई राहायच्या. सत्तरीच्या, ठणठणीत आवाजाच्या. गल्लीतले सगळे त्यांना 'मांजी' म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी हिला 'बींदणी', म्हणजे नवी नवरी, अशी हाक मारली आणि तेच नाव कायम झालं.

सकाळी साडेआठला तो बाहेर पडायचा. मग तिच्यापुढे सबंध दिवस उभा असायचा. स्वयंपाक दोन माणसांचा, धुणं दोन माणसांचं. अकरा वाजता सगळं आवरून व्हायचं. संध्याकाळी तो म्हणायचा, "सातला येतो." ती साडेसहाला चहाचं आधण ठेवायची. तो यायचा साडेआठला, कधी नऊला. जेवायचा आणि झोपायचा. रविवारी जयपूर बघायचं ठरलं होतं, पण सहा रविवारांपैकी चार रविवारी त्याला काम निघालं.

श्रावण लवकर आला

वेळ जावा म्हणून ती एकटीच फिरू लागली. या शहराचं एक बरं होतं. सवाई जयसिंहाने १८ नोव्हेंबर १७२७ रोजी पाया घातला, तोच आधी नकाशा ठरवून. रस्ते सरळ, चौक काटकोनात. विद्याधर भट्टाचार्य या बंगाली जाणकाराचा त्या आखणीत मोठा हात होता. पूर्व-पश्चिम कळली की माणूस हरवत नाही. पुण्याच्या पेठांमध्ये वाढलेल्या मुलीला याचं फार अप्रूप वाटलं. भाजीवाल्याच्या तोंडून 'कांई' हा शब्द तिने ऐकला आणि तिला हसू आलं. इथल्या ढूंढाडी बोलीतलं 'कांई' म्हणजे आपलं 'काय'! परक्या गावात तेवढा एक शब्द जवळचा निघाला.

एका सोमवारी चौडा रास्त्यावरच्या ताडकेश्वर महादेवाच्या देवळाबाहेर तिला ही गर्दी दिसली. मांजींना विचारलं, तर म्हणाल्या, "सावन का पहला सोमवार है, बींदणी." तिने घाईघाईने आईला फोन लावला, "आई, श्रावण लागला आणि तू मला सांगितलंसुद्धा नाहीस?"

आई हसायलाच लागली. "अगं, अजून आषाढच चालू आहे. श्रावणाला पंधरा दिवस आहेत."

दोघीही बरोबर होत्या. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, तर उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे शुक्ल पक्षाला दोन्हीकडे एकच नाव असतं, पण कृष्ण पक्षात जयपूर आपल्यापुढे एक महिना मोजतं. आपली श्रावण वद्य अष्टमीची कृष्णजयंती इथे भाद्रपदात येते, आणि दिवस मात्र एकच! भूगोल शिकवणाऱ्या बाईंना हे पुस्तकातून ठाऊक होतं, पण अनुभवाला आज आलं. रात्री त्याला सांगायचं म्हणून तिने ते मनात जपून ठेवलं. तो सव्वानऊला आला, "हं, छान," म्हणाला आणि झोपला.

बूढी तीज

श्रावण शुद्ध तृतीयेला जयपुरात तीज असते. आदल्या दिवशी माहेरच्या लेकीला आणि नव्या सुनेला 'सिंजारा' द्यायची रीत आहे. मेंदी, बांगड्या, लहरिया आणि घेवर. मांजी एक थाळी घेऊन जिना चढून वर आल्या. "तेरी माँ दूर है, सास भी दूर है, तो मैं ही दे देती हूँ." थाळीत हिरवी-पिवळी लहरिया ओढणी होती आणि तुपात तळलेला, जाळीदार घेवर. तिला बोलायला शब्दच सुचेनात.

तीजमातेची सवारी त्रिपोलिया दरवाज्यातून निघते. पुढे हत्ती, उंट, बँड आणि मागे सजवलेली पालखी. "पाचला नक्की येतो, दोघं मिळून बघू," असं तो सकाळी दहादा बजावून गेला होता. ती ओढणी घेऊन, केसांत गजरा माळून तयार बसली. पाच वाजले. मांजी म्हणाल्या, चल आमच्याबरोबर. ती म्हणाली, "हे येतीलच एवढ्यात." सहा वाजले, सात वाजले. दूर बँडचा आवाज आला, मोठा झाला आणि पुन्हा विरून गेला. तो आला तेव्हा साडेनऊ झाले होते.

त्या रात्री ती भांडली नाही. कपाटावरची सुटकेस खाली काढली आणि कपडे भरायला लागली. "मला पुण्याचं तिकीट काढून द्या. वाट बघण्यासाठी मी नोकरी सोडून आले नाही." तो पलंगाच्या कडेला बसून राहिला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तिला त्या गप्प बसण्याचाच जास्त राग आला.

सकाळी मांजींनी उघडी सुटकेस पाहिली. काही विचारलं नाही. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "कल रह गई तो क्या हुआ? आज बूढी तीज है. सवारी आज फिर निकलेगी."

जयपुरात तीजेची सवारी दोन दिवस निघते. दुसऱ्या दिवशीच्या सवारीला बूढी तीज म्हणतात. पहिल्या दिवशी ज्यांचं हुकलं, त्यांना ती पुन्हा बघायला मिळते. हे त्यानेही जिन्यात ऐकलं. दुपारी तीन वाजता तो दारात हजर होता, अर्ध्या दिवसाची रजा काढून.

छोटी चौपडच्या गर्दीत, एका दुकानाच्या पायरीवर उभं राहून दोघांनी सवारी पाहिली. पालखी गणगौरी बाजाराकडे वळली, गर्दी पांगली आणि मग तो बोलायला लागला. त्याची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. सहा महिन्यांच्या कामावर सगळं ठरणार होतं. गिऱ्हाइकांचं भरभर बोललेलं हिंदी त्याला अर्धं कळायचं नाही, म्हणून दिवसाची कागदपत्रं तो संध्याकाळी पुन्हा वाचत बसायचा. नोकरी गेली तर सासरी काय तोंड दाखवायचं, या धास्तीने त्याला झोपही नीट लागत नव्हती.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू माझ्यासाठी नोकरी सोडून आलीस. तुला कसं सांगणार?"

दोन महिने एका घरात राहून ही एवढी गोष्ट तिला ठाऊक नव्हती. तिचा दिवस रिकामा म्हणून लांब होता आणि त्याचा धास्तीने लांब होता. घरी येऊन तिने सुटकेस रिकामी केली. मात्र दोन अटी घातल्या. रविवार तिचा. आणि रोज रात्री तासभर ती त्याचं हिंदी पक्कं करून घेणार. बाई शेवटी शिक्षिका होत्या!

रविवारचं जयपूर

मग रविवार सुरू झाले. पाहायला हवं ते सारं पाहिलंच, पण लक्षात राहिल्या त्या बारीकसारीक गोष्टी. १७९९ साली बांधलेला हवामहल रस्त्यावरून दिसतो ती त्याची मागची बाजू, आत जायचा रस्ता पलीकडून आहे. शहराचा गुलाबी रंग सुरुवातीपासूनचा नाही, १८७६ साली इंग्लंडचा युवराज येणार म्हणून शहर रंगवलं आणि तो रंग पुढे टिकला. आमेरच्या किल्ल्यावर हत्तीवरून न जाता ती दोघं पायी चढली, तर वाटेत गप्पा मारायला भरपूर वेळ मिळाला.

नाहरगडावर माधवेंद्र भवन आहे. सवाई माधोसिंह दुसरे यांनी नऊ राण्यांसाठी बांधलेली नऊ सारखी दालनं, आणि ती जोडणारे बोळ. राजा कोणाच्या दालनात गेला, हे इतर राण्यांना कळू नये, अशी ती रचना असल्याचं सांगतात. ती म्हणाली, "म्हणजे राण्यांनासुद्धा वाटच बघावी लागायची!" तो म्हणाला, "माझं बरं आहे. एकच दालन आणि तिथेही उशीर!" दोघंही मनापासून हसली. तीजेच्या रात्रीवर हसता येऊ लागलं, हे तिला तेव्हा जाणवलं.

त्रिपोलिया बाजाराजवळचा ईसरलाट हा सात मजली मनोरा पाहताना मात्र हसू आलं नाही. जयसिंहानंतर गादीवर आलेल्या ईश्वरीसिंहाने तो १७४९ साली बांधला. भावाभावांच्या वारसाच्या तंट्यात मराठे पडले, खंडणीचा तगादा लागला. होळकरांची फौज जवळ आल्यावर डिसेंबर १७५० मध्ये ईश्वरीसिंहाने स्वतःचा जीव घेतला. पुढच्याच महिन्यात शहर बघायला म्हणून वेशीच्या आत आलेल्या मराठ्यांवर जयपूरकर तुटून पडले. शेकडो माणसं कापली गेली. शाळेत शिकलेल्या इतिहासात आपल्या दौडीचं वर्णन होतं. त्या दौडीच्या वाटेत येणाऱ्या गावाला काय वाटत असेल, हा विचार तिने कधी केला नव्हता. त्या दिवशी घरी परतल्यावर मांजींच्या हातचा चहा पिताना तिला उगीचच भरून आलं.

सावलीचं घड्याळ

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जंतरमंतर पाहायचं ठरलं. जयसिंहाची ही वेधशाळा २०१० सालापासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथलं सम्राट यंत्र म्हणजे सुमारे सत्तावीस मीटर उंच सूर्यघटिका. तिच्या भिंतीची सावली संगमरवरी कमानीवर दर सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकते. नीट बघत उभं राहिलं, तर सावली चालताना दिसते! जयसिंहाच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे मोठे ज्योतिषी होते. ते महाराष्ट्रीय ब्राह्मण म्हणून ओळखले जातात. अरबी शिकून त्यांनी टॉलेमीचा ग्रंथ संस्कृतात आणला. परक्या गावात येऊन परकी भाषा शिकणारं आपल्याआधी इथे कुणीतरी होतं, हे ऐकून त्याला धीर आला.

त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि सावली पाहिली. "हे तर दहा मिनिटं मागे आहे. बिघडलंय वाटतं."

"बिघडेल कसं? सूर्य आहे तो!" भूगोलाच्या बाईंनी तिथेच वही काढली. आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ दाखवतात. ते रेखांश मिर्झापूरजवळून जातं. जयपूर त्याच्या पश्चिमेला पावणेसात अंशांच्या आसपास आहे, आणि एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे इथे सूर्य सत्तावीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. त्यातच पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, म्हणून सूर्य वर्षभर थोडा पुढे-मागे होतो. नोव्हेंबरात तो सोळा मिनिटं पुढे असतो. सत्तावीसातून सोळा गेले, उरले दहा-अकरा.

"म्हणजे माझंही घड्याळ बरोबर आणि हेही बरोबर?"

"हो. फक्त फरक किती, तो ठाऊक पाहिजे."

हे बोलून ती एकदम थांबली. तोही तिच्याकडे बघत राहिला. आपण भूगोलाखेरीज आणखी काहीतरी बोललो, हे दोघांच्याही ध्यानात आलं होतं.

डिसेंबरात त्याची नोकरी कायम झाली. तिलाही जवळच्या शाळेत अर्धवेळ शिकवण्याचं काम मिळालं. संक्रांतीला सगळं जयपूर गच्च्यांवर पतंग उडवत होतं. मांजींनी गरम दुधातली फीणी खाऊ घातली आणि इथल्या बायका संक्रांतीला चौदा सारख्या वस्तू सुवासिनींना देतात, हे सांगितलं. "आमच्याकडेही वाण देतात," म्हणून तिने गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. श्रावण दोन्हीकडे पंधरा दिवसांनी चुकला होता, पण संक्रांत सूर्याची, ती बरोबर एकाच दिवशी आली.

फेब्रुवारीत सासू-सासरे आले. त्यांना जंतरमंतर दाखवायला तीच घेऊन गेली. सासऱ्यांनी घड्याळ लावून पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, तुमचं हे यंत्र चाळीस मिनिटं मागे चाललंय!" फेब्रुवारीत सूर्य चौदा मिनिटं मागे असतो, सत्तावीस आणि चौदा एक्केचाळीस, असं तिने त्यांना समजावून दिलं. सासरे सुनेकडे कौतुकाने बघत राहिले.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "आई-बाबांना सांग, सातला पोचतो."

तिने फोन ठेवला आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, भात पावणेआठला लावू या."

तो बरोबर आठ वाजता आला. भात नुकताच वाफाळत होता.