पाच फुलांची बातमी

परदेशात राहणारा माणूस सुट्टीवर घरी आला, की त्याला त्या देशावर मत द्यावेच लागते. त्याशिवाय त्याला दुसरा चहा मिळत नाही. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत मी पाय ठेवतो न ठेवतो, तोच "काय मग, काय म्हणतो तुमचा जपान?" असा प्रश्न जिन्यातूनच खाली येतो. विचारणाऱ्याची अपेक्षा अशी, की मी बुलेट ट्रेनवर बोलावे, स्वच्छतेवर बोलावे, आणि शेवटी "आपल्याकडे हे कधी होणार!" म्हणून एक सुस्कारा सोडावा. पण इतकी वर्षे टोकियोत काढूनही या विषयांवर मला स्वतःचे असे मत नाही. मला मत आहे ते जपानी बातम्यांवर. आणि ते मत बरीच वर्षे चुकीचे होते.

मी टोकियोला आलो तो २०१६ सालचा वसंत. शहराच्या पूर्वेला एदोगावा नावाचा विभाग आहे. तिथल्या निशी-कासाई स्टेशनाच्या आसपास इतके भारतीय राहतात, की हिंग संपला म्हणून कुणाचे अडत नाही. आम्हीही तिथेच बिऱ्हाड थाटले. जपानी भाषेचा गंध नव्हता. भाषा शिकायची तर टेलिव्हिजन बघा, असे कचेरीतल्या एकाने सुचवले. सल्ला फुकटचा होता म्हणून मी ताबडतोब अमलात आणला.

पहिल्याच आठवड्यात पडद्यावर एक दृश्य दिसले. शंभरेक माणसे कारखान्यापुढे ओळीने उभी आहेत, पुढे वयोवृद्ध मालकमंडळी, चेहरे प्रेतयात्रेला आल्यासारखे. मग सगळ्यांनी एकदम कमरेत वाकून नमस्कार केला आणि ते वाकलेलेच राहिले. मी बायकोला म्हटले, "मोठा अपघात झालेला दिसतोय." दुसऱ्या दिवशी कचेरीत चौकशी केली. अपघात वगैरे काही नव्हता. गारीगारी-कुन नावाच्या आइसफ्रूटची किंमत पंचवीस वर्षांनी साठ येनवरून सत्तर येन झाली होती, त्याबद्दल ती माफी होती. आपल्याकडे लहानपणी गल्लीत "गारेगाऽर!" अशी हाळी देत येणारा हातगाडीवाला मला आठवला. त्याने चार आण्यांचे आठ आणे केले तेव्हा माफी मागितल्याचे स्मरत नाही. उलट, "घ्यायचं तर घ्या, वितळतंय," असे तो म्हणाला होता.

पुढच्या वर्षी, २०१७च्या नोव्हेंबरात, त्सुकुबा एक्सप्रेसची एक गाडी नऊ वाजून चव्वेचाळीस मिनिटे चाळीस सेकंदांऐवजी वीस सेकंद आधी सुटली. उशिरा नव्हे, आधी! कंपनीने रीतसर जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि ती बातमी जगभर गेली. डोंबिवलीच्या फलाटावर ज्याने उमेदीची वर्षे घालवली, त्याने ही बातमी वाचून काय करावे? मी ती कापून ठेवली आणि सुट्टीवर आल्यावर वडिलांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचली आणि विचारले, "यांना दुसरे उद्योग नाहीत का?"

माझे मत बनले ते असे. यांना दुसरे उद्योग नसावेत. बाकी जगात युद्धे होतात, मंत्रिमंडळे कोसळतात. इथे रात्रीच्या मुख्य बातम्यांत कुठल्याशा गावी बदकीण पिलांना घेऊन रस्ता ओलांडते आणि पोलीस वाहने थांबवतो. बाकीच्या वेळात कुणीतरी काहीतरी खात असते. खाणारा घास तोंडात घालतो, डोळे विस्फारतो आणि "ओइशी!" म्हणजे "छान आहे!" असे ओरडतो. इतक्या वर्षांत एकालाही मी "मीठ जरा कमी पडलंय" म्हणताना ऐकलेले नाही. शिवाय पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी खिडकी असते. तिच्यात एखादी नटी किंवा विनोदवीर बसून आपल्याबरोबर तोच कार्यक्रम बघत असतो. आपण कुठे हसावे, कुठे हळहळावे, हे तो करून दाखवतो.

यातली सर्वांत मोठी बातमी म्हणजे साकुराची. मार्च उजाडला की चेरीची फुले कुठल्या शहरात कधी येणार याचे अंदाज पावसाच्या अंदाजासारखे सांगतात. टोकियोचा निकाल यासुकुनी देवळाच्या आवारातल्या एका ठरावीक झाडावर लागतो. हवामानखात्याचा माणूस कोट घालून येतो, मान वर करून फुले मोजतो आणि पाचसहा उमललेली दिसली की वसंत आल्याचे जाहीर करतो. चार फुलांना वसंत येत नाही. भोवती कॅमेऱ्यांची झुंबड! आणि निवेदिका ही बातमी ज्या सुरात देते त्याच सुरात अर्थसंकल्पाची देते. यांच्या निवेदकांना एकच सूर दिलेला असतो, अशी माझी खात्री होती.

महत्त्वाच्या बातम्या त्यांच्याकडे नसतात असे मात्र नाही. दरवर्षी डिसेंबरात क्योतोच्या कियोमिझु देवळात तिथले प्रमुख पुजारी सरत्या वर्षाचे एक अक्षर भल्यामोठ्या कुंचल्याने लिहितात. अक्षर लोकांच्या मतांनी ठरते. २०२४ सालापर्यंत ‘सोने’ हे अक्षर पाच वेळा आले. ऑलिंपिकची पदके हे त्याचे कारण. पण तेच अक्षर ‘पैसा’ असेही वाचतात, त्यामुळे पुढाऱ्यांच्या भानगडींचीही त्यातच सोय होते. आणि २०२५ साली तांदूळ असा भडकला, की "मला तांदूळ विकत घ्यावा लागत नाही, लोक आणून देतात," असे बोलून गेलेल्या शेतीमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. कांद्याने सरकारला रडवताना पाहिलेल्या आम्हा लासलगावच्या शेजाऱ्यांना हे परके वाटले नाही.

ती अक्षराची प्रथा सुरू झाली १९९५ साली. पहिले अक्षर होते ‘कंप’. त्या वर्षी जानेवारीत कोबेला भूकंप झाला होता. हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि कळणे यांत फरक असतो.

२०२३च्या नोव्हेंबरात आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. तिला जपानीचा एक शब्द येत नव्हता, पण टेलिव्हिजन ती माझ्यापेक्षा चांगला बघे. रविवारी दुपारी ‘नोदो जिमान’ नावाचा हौशी गायकांचा कार्यक्रम लागतो. १९४६ सालापासून चालू आहे. गाणारा पडला तर घंटा एकदोनदाच वाजते, पास झाला तर घंटांचा खळखळाट होतो. आई घंटेच्या आधी निकाल सांगे आणि सहसा चुकत नसे. कोपऱ्यातल्या खिडकीतला चेहरा तर तिला पहिल्याच दिवशी उलगडला. "अरे, चाळीत एकाच घरी टीव्ही होता तेव्हा दारात उभं राहून बघणारे असायचे ना, तोच हा," ती म्हणाली. "इथे बिचारे एकटे राहतात, म्हणून शेजारी आतच बसवून दिलाय."

खरा शेजार होता तो भिंतीपलीकडच्या आजींचा. एकट्या राहायच्या. माहेर नोतोचे. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रात बोट घालावे तसा तो भूभाग आहे. तिथल्या वाजिमा गावात त्यांचा धाकटा भाऊ होता. वाजिमा लाखेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. आजी आमच्याकडे काही आणायच्या ते तसल्या तांबड्या वाडग्यातून. आई तो वाडगा कधी रिकामा परत करीत नसे. शंकरपाळी, चिवडा, एकदा तर थालीपीठ. दोघींमध्ये आमची आठ वर्षांची कन्या दुभाषी. पण ती खेळायला गेली तरी त्यांचे बोलणे थांबत नसे.

एकतीस डिसेंबरला रात्री आजी आमच्याकडे ‘कोहाकु’ बघायला आल्या. तांबडा संघ आणि पांढरा संघ यांच्यातला गाण्यांचा हा सामना १९५१ साली सुरू झाला. तो दर वर्षअखेर चालतो आणि अख्खा देश तो बघतो. तो संपल्यावर देवळांतून एकशेआठ घंटा द्यायला सुरुवात झाली. आकडा ऐकून आईने कपाटातली जपमाळ आणून आजींच्या हातात दिली. आजींनी मणी मोजले आणि दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या.

दुसऱ्या दिवशी, नववर्षाच्या दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी टेलिव्हिजनवर भूकंपाच्या इशाऱ्याची घंटी वाजली. थोड्या वेळाने आमची इमारत हलकेच, बोटीसारखी डोलू लागली. टोकियोत हे नवे नव्हते. मी चहाचा कप उचलून धरला, एवढेच. मग त्सुनामीचा इशारा आला आणि निवेदिकेचा सूर बदलला.

ती ओरडू लागली. निवेदन नव्हते ते. मूल रस्त्यावर धावत गेले की आई ओरडते तसे ते ओरडणे होते. आत्ताच्या आत्ता पळा, उंचावर जा, मागे वळू नका! २०११चा प्रलय आठवा, असेही ती म्हणाली. त्या प्रलयाच्या वेळी निवेदकांच्या शांत सुरामुळे संकटाची तीव्रता लोकांपर्यंत पुरेशी पोचली नाही, म्हणून नंतर या लोकांनी असे ओरडण्याची पद्धत मुद्दाम बसवली होती. तो एकच सूर त्यांना दिलेला नव्हता. दुसराही होता. तो त्यांनी जपून ठेवला होता.

पडद्यावर मोठ्या अक्षरांत शब्द आले: त्सुनामी, पळा. चित्रलिपीत नव्हे, साध्या बाळबोध अक्षरांत, लहान मुलांना आणि माझ्यासारख्या परक्यांनाही वाचता यावेत असे. इतक्या वर्षांत न अडखळता मी वाचलेली ती पहिली बातमी.

आईने विचारले, "कुणाला रे हाका मारतेय ही?"

मी नकाशाकडे पाहिले. समुद्रात घातलेले ते बोट लाल झाले होते.

तेवढ्यात दारावर थाप पडली. आजी उभ्या होत्या, पायात चपला नव्हत्या, हातात टेलिफोन. भावाचा फोन लागत नव्हता. आईने त्यांना आत घेतले, बसवले, चहा ठेवला. त्या रात्री वाजिमाची सकाळच्या बाजाराची पेठ पेटली, ती आम्ही चौघांनी पडद्यावर पाहिली. कोपऱ्यात खिडकी नव्हती. कुठे हळहळावे ते कुणी करून दाखवत नव्हते.

पुढचे दिवस पडद्याच्या डाव्या आणि खालच्या कडेने एक पट्टी सरकत असे. कुठल्या गावी पिण्याचे पाणी मिळेल, कुठे अंघोळीची सोय आहे, कुठला रस्ता बंद आहे. कन्या वाचायची, आजी ऐकायच्या. चौथ्या दिवशी फोन लागला. भाऊ शाळेच्या व्यायामशाळेत सुखरूप होता. घर गेले, कारखाना गेला, लाखेची हत्यारे गेली. दोनशेहून अधिक माणसे त्या भूकंपात गेली. हा वाचला होता. आजींनी आईच्या दोन्ही हातांवर डोके टेकले आणि मग, सवयीने, त्रास दिल्याबद्दल माफी मागितली. त्या माफीला मला हसता आले नाही.

हळूहळू ती पट्टी पडद्यावरून गेली. एके संध्याकाळी कुणीतरी घास तोंडात घालून "ओइशी!" ओरडले आणि भिंतीपलीकडून आजींचे हसणे ऐकू आले. जानेवारीअखेर आई परत गेली.

त्या वर्षी साकुराला उशीर झाला. तो हवामानखात्याचा माणूस यायचा, मान वर करून बघायचा आणि "आज नाही" म्हणून परत जायचा. मी रोज वाट बघत असे. २९ मार्चला दुपारी दाराची घंटी वाजली. आजी होत्या. तांबडा वाडगा बगलेत, आणि उजव्या हाताची पाचही बोटे उघडून माझ्यापुढे धरलेली.

मी लगेच आईला फोन लावला. "काय रे, अवेळी?" ती घाबरून म्हणाली.

"काही नाही," म्हटले, "इथे पाच फुलं उमलली."

क्षणभर ती गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं झालं. त्यांना सांग, आमच्या मागच्या आंब्याला कैऱ्या धरल्यात. मोजून सांगते."