आयदर ऑर सर्व्हायव्हर

बी.कॉम.ला आम्हाला घसारा होता. म्हणजे विषय म्हणून. वस्तू वापरली की झिजते आणि झिजली की तिची किंमत उतरते, ही गोष्ट कुठलीही गृहिणी जुनं पातेलं मोडीत देताना एका वाक्यात सांगते. आम्हाला त्यासाठी वीस मार्कांचं गणित असे. त्यातल्या घटत्या शिलकेच्या पद्धतीत एक गंमत आहे. दरवर्षी उरलेल्या किमतीवर घसारा कापायचा. किंमत घटत जाते, घटत जाते, पण शून्य म्हणून काही होत नाही. लग्नाच्या अल्बममधल्या उत्साहासारखं थोडंसं काहीतरी शेवटपर्यंत शिल्लक राहतं.

परवा कॅश टॅली व्हायची वाट बघत बसलो असताना मी सहज एक गणित मांडलं. १९६४ सालची मोटार. तेव्हाची किंमत पंधरा हजार धरली. घसारा दरसाल १५ टक्के. साठ वर्षांनी उत्तर आलं, सत्त्याऐंशी पैसे.

या मोटारीला मी एक लाख साठ हजार रुपये दिले आहेत.

हा हिशेब मी कौतुकानं घरी सांगितला. सौ. म्हणाली, "मग सत्त्याऐंशी पैशांत मागायची होती." कॉमर्स न शिकलेल्या माणसांशी व्यवहारावर बोलू नये ते एवढ्याचसाठी.

तर आमच्याकडे स्पोर्ट्स कार आहे. हसू नका. मोटार पाहिलेले लोक हसतात, तुम्ही तर अजून पाहिलेलीही नाही. कागदोपत्री तिचं नाव स्टँडर्ड हेराल्ड. ज्या काळात आपल्या देशात माणसानं अँबॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड या तिघींपैकी एकीशीच संसार करायचा असे, त्या काळातली ही तिसरी. १९५९ साली इंग्लंडात ट्रायम्फ हेराल्ड म्हणून जन्मली, १९६१ पासून मद्रासला तयार होऊ लागली. तिचा आकार रेखाटला इटलीतल्या ट्युरिनच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी. आणि पुढे १९६२ साली ट्रायम्फनं स्पिटफायर नावाची जी उघडी, दोन माणसांची, वाऱ्यासारखी स्पोर्ट्स कार काढली ती हेराल्डचीच चॅसी आखूड करून तिच्यावर बसवलेली. म्हणजे रक्ताच्या नात्यानं आमची मोटार त्या स्पिटफायरची थोरली बहीण लागते. चुलत घराण्यात कोणी कलेक्टर झाला तर आपण चारचौघांत सांगतोच ना? मीही सोसायटीत "आमची स्पोर्ट्स कार" असंच म्हणतो. सेक्रेटरी तिला "तो कोपऱ्यातला अडथळा" म्हणतात. ज्याची त्याची दृष्टी.

तिच्या बांधणीची कथा तर माझ्यासारख्या कारकुनाला फारच जवळची. तिकडे मोटारीचं अंग आणि सांगाडा एकाच तुकड्यात करायची पद्धत आली होती. पण यांना बॉड्या पुरवणारा कारखानाच प्रतिस्पर्ध्यानं विकत घेऊन टाकला. मग एवढं मोठं धूड एका जागी करून देणार कोण? यांनी जुन्या पद्धतीची वेगळी चॅसी घेतली आणि तिच्यावर बॉडीचे निरनिराळे भाग बोल्टांनी आवळले. अडचणीतून निघालेली ही तोड परदेशात जुळणी करायला फार सोयीची ठरली. बॉनेट तर चिखलरक्षकांसकट एका झटक्यात पुढे कलंडतं. मगरीनं जबडा उघडावा तसं. मग पुढच्या टायरवर बैठक मारून निवांत काम करावं. मी या टायरवर जितका बसलो आहे तितका सोफ्यावर बसलेलो नाही. मोटार वळतेही पंचवीस फुटांच्या वर्तुळात. कोल्हापूरच्या गल्ल्यांत हा गुण बाकी सगळ्या गुणांहून मोठा, कारण "अगं बाई, पिशवी राहिली" हे वाक्य मोटार सुरू झाल्यावरच सुचतं.

आता खरेदी. आमच्या बँकेत कर्मचाऱ्यांना वाहनासाठी स्वस्तात कर्ज मिळतं. मी अर्ज घेऊन गेलो. साहेबांनी संगणक उघडला, सालाची यादी खाली उघडली, आणि ती कितीही खाली नेली तरी १९६४ काही येईना. शेवटी ते चष्मा काढून म्हणाले, "यादीत नाही म्हणजे ही मोटार अस्तित्वात नाही." मग अर्धे पैसे पतपेढीतून उचलले आणि अर्धे स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यासाठी ठेवलेल्यांतून घेतले. ओट्याचा ग्रॅनाइट पसंत झाला होता. सौ.नं त्यावर फक्त एक वाक्य उच्चारलं, "ओट्यालाच चार चाकं लावून घेतली असतीत तर दोन्ही कामं झाली असती." पुढचे आठ दिवस मात्र भाकरी थापण्याचा आवाज बाहेरच्या खोलीत बराच स्पष्ट ऐकू येत होता.

मोटार आमच्या डॉक्टरांची. १९६९ साली त्यांनी ती सेकंडहँड घेतली आणि पुढे तीसेक वर्षं तिच्यातून व्हिजिटा केल्या. माझ्या लहानपणी गल्लीच्या तोंडाशी तिचा आवाज आला की तमाम पोरं कॉटखाली जात, कारण मोटारीमागोमाग इंजेक्शन येई. त्या मोटारीची किल्ली मी पैसे देऊन घेतली, यात मानसशास्त्रवाल्यांना काही सापडलं तर जरूर शोधावं.

डॉक्टर आता शहाऐंशीचे. नजर अधू झाली, लायसन संपलं. मोटार विकायची म्हटल्यावर माझ्याआधी पुण्याकडचा एक हॉटेलवाला येऊन गेला होता. तो तीन लाख द्यायला तयार होता. हॉटेलच्या फाटकाशी चौथऱ्यावर मोटार उभी करून आत दिवे सोडणार, बॉनेटमध्ये झाडं लावणार. डॉक्टरांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मला म्हणाले, "जिवंत पेशंटच्या पोटात कुंड्या ठेवतात होय?"

माझी मात्र रीतसर तपासणी झाली. मोटार रात्री छपराखाली झोपेल का? घरून कोणाचा विरोध? (खोटं बोलायची सोय नव्हती, कारण सौ.चं ब्लडप्रेशर तेच बघत.) संग्रह करायचा विचार आहे का? मी म्हटलं, "डॉक्टर, संग्रह करायला दुसरी मोटार परवडायला हवी." यावर खूश होऊन त्यांनी किंमत निम्म्यावर आणली आणि एक अट घातली. "दर रविवारी नऊला मी येणार. माझ्यासमोर चालू करायची."

मी कबूल केलं. बँकेत जॉइंट खातं उघडताना आम्ही विचारतो, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' करायचं का? म्हणजे दोघांपैकी कोणीही व्यवहार करावा, आणि एक गेला तर उरेल त्यानं चालवावं. जुन्या मोटारीचं खातं याच प्रकारचं असतं, फक्त सह्या करणारे किती ते फॉर्मवर लिहिलेलं नसतं. दुसऱ्याच रविवारी डॉक्टरांच्या मागून मिस्त्री आले.

मिस्त्री सत्तरीतले. उद्यमनगरात ज्या गाळ्यात पोरगे म्हणून लागले, तिथेच म्हातारे झाले. या हेराल्डचा एकूण एक बोल्ट त्यांनी उघडला आहे. ज्या वस्तू बाजारातून नाहीशा झाल्या त्या ते लेथवर करून आणतात. उद्यमनगरात वस्तू मिळत नाही असं नसतं, फक्त नमुना दाखवावा लागतो. पुढची चाकं ज्या पितळी सांध्यावर वळतात त्याला ट्रनियन म्हणतात. तिथे ग्रीस नाही, गिअर ऑइल घालायचं. हे हल्लीच्या पोरांना ठाऊक नसतं, ती ग्रीसचा पंप मारून मोकळी होतात आणि सांधा कोरडा राहून झिजतो. मिस्त्री मला म्हणाले, "सायेब, म्हातारीला काय खायला घालायचं ह्ये घरच्यास्नी म्हाईत पायजे. पावन्यांचं काम न्हवं."

दर रविवारी नऊ वाजता आमच्या अंगणात कन्सल्टेशन भरे. मी चोक ओढून स्टार्टर मारी. मोटार दोनदा खोकून सुरू होई. डॉक्टर खरोखरचा स्टेथोस्कोप लावून इंजिनाच्या छातीवरून फिरवत. "टॅपेट." मिस्त्री मान हलवत, "चेन हाय." "पन्नास वर्षं ऐकतोय मी." "मी पन्नास वर्सं उघडतोय." निदानापर्यंत एवढी शांतता मी कुठल्याही इस्पितळात पाहिलेली नाही. फी मला लागे.

मलाही त्यांनी थोडं शिकवलं. ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन. चारानंतर दोन येतात ही गोष्ट वीस वर्षं व्हाउचरं क्रमानं लावणाऱ्या माणसाच्या गळी उतरायला वेळ लागतो. पॉइंटची फट पंधरा थाऊ, म्हणजे एका इंचाचे पंधरा हजारांश. जॅक लावून मागून उचललं की मागची दोन्ही चाकं आत मुडपतात. अंघोळीला नेताना पोर पाय दुमडून घेतं ना, अगदी तसं. पहिल्यांदा ते पाहून माझं काळीज लकाकलं होतं. मिस्त्री म्हणाले, "तिची रीतच हाय ती."

पेट्रोलचंही प्रकरण झालंच. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही. मोटारीची नळी पाघळली. मिस्त्रींनी ती हुंगून पाहिली. "सायेब, ह्यात ऊस हाय." ज्या जिल्ह्यात माणसांची लग्नं, निवडणुका आणि भांडणं उसावर चालतात, तिथे मोटारही शेवटी उसावर आली. नळ्या सगळ्या बदलल्या. ओटा आणखी सहा महिने पुढे गेला.

सरकारनंही अशा मोटारींची दखल घेतली आहे. २०२१ साली नियम निघाला. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी वीस हजार, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. मात्र रोजच्या वापराला मनाई. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणावी. आमची मोटार शेवटच्या दोन कामांखेरीज बाहेर पडतच नसल्यामुळे नियमभंगाची मला मुळीच भीती वाटली नाही. दसऱ्याला इथे छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक निघते. वर्षातून एकदा दर्शन द्यावं, हा त्या दोघींमधला एकमेव समान गुण.

डॉक्टरांच्या वाढदिवसाला पन्हाळा करायचा ठरला. वीस किलोमीटर. पुढे मी आणि डॉक्टर, मागे मिस्त्री आणि अभ्यास असल्यामुळे न आलेल्या चिरंजिवांच्या जागी सौ. डबा मांडीवर. पुढची सीट वाकवून तिला मागे शिरावं लागलं, आणि त्या वेळी ती जे पुटपुटली ते ओट्याविषयीच असावं. चढाला लागलो आणि काटा वर सरकू लागला. मोटार बाजूला घेतली, जबडा उघडला. वाफ निघाली. येणारे-जाणारे थांबून फोटो काढू लागले. डॉक्टर म्हणाले, "थर्मोस्टॅट." मिस्त्री म्हणाले, "रेडिएटर चोंदलाय." दोघांचं रंगात आलं असताना मागून सौ. म्हणाली, "खालच्या वळणापासून चिर्र चिर्र करतंय. माझ्या शिलाई मशीनचा पट्टा सैल झाला की असंच करतं."

कोणी बोललं नाही. मिस्त्रींनी फॅनबेल्टवर अंगठा दाबला. पट्टा खिचडीसारखा खाली बसला. पट्टा घसरला की पंखाही फिरत नाही आणि पाण्याचा पंपही. त्यांनी डायनामोचा बोल्ट सैल केला, डायनामो ओढून पट्टा ताणला, बोल्ट आवळला. दहा मिनिटं. डॉक्टरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढला आणि तिच्या हातात दिला. "वहिनी, तुमचा कान चांगला आहे." मला पन्नास रविवारांत एकदाही असं काही ऐकायला मिळालं नव्हतं. वर पोचल्यावर झुणका-भाकर खाताना ती मिस्त्रींना ट्रनियनमध्ये नेमकं कोणतं ऑइल म्हणून विचारत होती.

गेल्या पावसाळ्यानंतर डॉक्टरांच्या मुलीनं त्यांना बंगळुरूला नेलं. एकट्यानं राहणं आता जमण्यासारखं नव्हतं. जायच्या आधीच्या रविवारी ते बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा घेऊन आले. आत साठवलेले सुटे भाग, प्रत्येक औषधाच्या पुडीत बांधलेला, पुडीवर त्यांच्या हस्ताक्षरात नाव. डबा सौ.च्या हाती दिला. मग मोटारीत बसले, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, हॉर्न वाजवला नाही, काही नाही. उतरताना दार दोनदा लावलं. ते दार नेहमीच दोनदा लावावं लागतं.

मिस्त्रींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांचा मुलगा इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममध्ये आहे, त्याला यात गोडी नाही. हल्ली ते खुर्चीत बसून सांगतात आणि सौ. टायरवर बसून करते. मी टॉर्च धरतो आणि ते सांगतील ते एका जुन्या लेजरमध्ये उतरवून घेतो. तारीख, तपशील, रक्कम. ट्रनियन पान अकरावर आहे. ओटा अजून जुनाच आहे, पण त्यावर आता फीलर गेज असतं.

डब्यातल्या पुड्यांवरची नावं मात्र आम्हा तिघांपैकी कोणालाच वाचता येईनात. शेवटी सौ. डबा घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकल दुकानात गेली. त्या माणसानं डॉक्टरांचं अक्षर चाळीस वर्षं वाचलेलं. चष्मा सारून त्यानं घडाघडा सांगितलं, "कंडेन्सर. रोटर. पॉइंट सेट, दोन." आणि सवयीनं विचारलं, "जेवणाआधी की नंतर?"

रविवारी नऊला फोन वाजतो. मी विचारतो, "डॉक्टर, तब्येत कशी आहे? तिकडची हवा मानवली का?"

"बरी आहे," डॉक्टर म्हणतात. "फोन मोटारीला द्या."