वेताची तलवार

मुलांनो, जालन्याचं नाव काढलं की दोन गोष्टी आठवतात. एक बियाणं आणि दुसरी लोखंडी सळ्या. इथल्या कारखान्यांत भंगार वितळवून सळ्या ओढतात आणि त्या कुठल्या कुठल्या गावांच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात. एवढ्या लोखंडाच्या गावात परवा मी एस.टी.नं गेलो, तो तलवारी करून घ्यायला. पण लोखंडाच्या नव्हे बरं का!

त्याचं असं झालं. गेल्या वर्षी गावातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत पत्र्याची तलवार एका मुलाच्या तळहातावर बसली. चार टाके पडले. तेव्हापासून पालकांचा एकच घोष, "गुरुजी, लेझीम खेळवा, पण तलवार नको." त्यांचं म्हणणं खोटं नाही. मुलांना मात्र तलवारच पाहिजे! तेव्हा मला आठवला फरी-गदका. गदका म्हणजे चामड्यात मढवलेली वेताची छडी, आणि फरी म्हणजे दुसऱ्या हातातली छोटी गोल ढाल. तलवारीचे हात शिकायचे, पण रक्त काढायचं नाही, यासाठी आपल्या तालमींत हे साधन वापरत.

कुंडलिका नदीच्या एका काठाला जुनं जालना, पलीकडे कादराबाद. पूल ओलांडताना मला नेहमी 1679 साल आठवतं. त्या वर्षी नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी ही श्रीमंत पेठ लुटली. चार दिवस लूट चालली. परतताना संगमनेरच्या बाजूला मोगल फौजेनं गाठलं. तीन दिवस झुंज झाली, सिधोजी निंबाळकर पडले. शेवटी बहिर्जी नाइकांनी आडवाटेनं महाराजांना पट्टा किल्ल्यावर नेलं. तोच विश्रामगड. तिथे तलवार चालवणारे हात काही एका रात्रीत तयार झाले नव्हते!

मला हवे होते ते मामा चपला शिवत बसले होते. वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी ते मोटा शिवायचे. विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची मोट तुम्ही पाहिली नसेल. विजेचे पंप आले आणि ती गेली. पण पाण्याचा थेंब गळू न देणारी शिवण ज्याच्या हातात आहे, त्याला गदका काय अवघड?

मी सोबत बांबूच्या काठ्या नेल्या होत्या. मामांनी एक उचलली, दगडावर आपटली आणि फेकून दिली. "हे नगं गुरुजी. बांबू फुटला की त्याच्या चिरफळ्या व्हत्यात. पोराच्या डोळ्यात गेली तर काय करता? वेत आणा. वेत वाकतो, फुटत न्हाई."

वेत आणला. पुढचं काम मी मांडी घालून पाहत बसलो. आधी प्रत्येक मुलाच्या मापानं वेत कापायचा. मोठ्यांसाठी दोन हात लांब, चौथीच्या पोरांसाठी चार बोटं कमी. मग त्यावर जुन्या धोतराची पट्टी तिरकी गुंडाळायची, टोकाला जास्त. रापीनं कापलेलं चामडं भिजवून वर ताणायचं, आरीनं भोकं पाडून वादीनं शिवायचं. ओलं चामडं वाळताना आवळतं आणि वेताला घट्ट धरतं. म्हणून वाळायच्या आत हात लावायचा नाही. मुठीपुढे बोटं झाकणारा चामड्याचा पडदा शिवतात. बहुतेक मार बोटांवरच बसतो, हे मामांना न सांगता कळलं!

आमच्या शाळेतली एक मुलगी डावखुरी आहे. तिच्या गदक्याचा पडदा मामांनी उलट्या बाजूनं शिवला. तिच्यासमोर उभं राहणाऱ्याची भारी पंचाईत होते. सगळे वार सवयीच्या उलट बाजूनं येतात ना! डोक्यावरचा वार तो 'शीर', गालाच्या रोखानं येणारा 'तमाचा'. पहिला महिनाभर आम्ही हळूच मारायचं आणि फरीवरच झेलायचं, असा नियम ठेवला आहे. डोक्याला मुंडासं बांधल्याशिवाय कुणी उतरत नाही.

अशी खोटी तलवार जगात सगळीकडे आहे. रोमन सैनिकांची सरावाची लाकडी तलवार खऱ्या तलवारीच्या दुप्पट जड असे, असं वेगेशियस नावाच्या लेखकानं लिहिलंय. जपानी लोक बांबूच्याच चार पट्ट्या एकत्र बांधून 'शिनाई' करतात; पण खेळताना तोंडावर धातूच्या जाळीचा मुखवटा असतो. आम्ही कुठून आणणार तो? इंग्रजांचा एका काठीचा असाच खेळ 1904च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये होता. पंजाबातला 'गतका' तर आपल्या गदक्याचा सख्खा भाऊ! 2023च्या गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धांत तो होता. आपल्याकडे 2024मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला. फरी-गदक्याचं नाव मात्र आमच्या गावात चार म्हाताऱ्यांनाच ठाऊक होतं.

पालकांची सभा घेतली, तेव्हा टाके पडलेल्या त्या मुलाच्या आईनं गदका हातात घेतला. आधी स्वतःच्या दंडावर मारून पाहिला. मग जरा जोरात. म्हणाली, "खेळू द्या. पण तुम्ही समोर उभे राहा."

सात गदके झालेत, पाच फऱ्या व्हायच्या आहेत. निघताना मामांनी बजावलं, "दर पंधरा दिवसाला तेल पाजा. अन् कोपऱ्यात ठेवू नका, आढ्याला टांगा. तेलाच्या चामड्याला उंदीर लई लवकर लागतो."