ऐकू येतंय का?

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी सगळ्यांत जास्त वेळा येणारं वाक्य कुठलं, अशी स्पर्धा घेतली तर 'ऐकू येतंय का?' हे वाक्य पहिलं येईल. रविवारी सकाळी रॉटरडॅममधल्या कितीतरी घरांतून हा प्रश्न डोंबिवली, सांगली, नाशिकच्या दिशेनं जातो आणि तिकडून तोच प्रश्न उलट येतो. माझं वेगळेपण एवढंच, की सोमवार ते शुक्रवार हाच प्रश्न विचारण्याचा मला पगार मिळतो. भुयारी रेल्वेचा चालक आणि नियंत्रण कक्ष यांच्यातला रेडिओ चालतो की नाही, हे तपासणं हा माझा व्यवसाय. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं आणि मी 'मेट्रोतला रेडिओ' असं म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: 'म्हणजे गाणी लावता का?'

गाणी नाहीत. पण ज्या मेट्रोनं आपण रोज ऑफिसला जातो, तिच्याबद्दल थोडं सांगावं म्हणून हा लेखप्रपंच.

रॉटरडॅमची मेट्रो ही नेदरलँड्समधली पहिली. ९ फेब्रुवारी १९६८ रोजी ती सुरू झाली, तेव्हा ती सेंट्रल स्टेशनपासून झाउडप्लेनपर्यंत, म्हणजे जेमतेम सहा किलोमीटर धावत होती. ती बांधली कशी, ही गोष्ट मी पाहुण्यांना हमखास सांगतो. इथली जमीन म्हणजे चिखल, आणि हातभर खणलं की पाणी. मग या लोकांनी पाण्याशी भांडण्याऐवजी त्याचाच उपयोग करून घेतला. कोलसिंगलसारख्या भर रस्त्यात चर खणले, त्यात पाणी राहू दिलं, बोगद्याचे काँक्रीटचे तयार तुकडे नावेसारखे तरंगत आणले आणि जागेवर बुडवले. नीवे मास नदीखालचा बोगदाही असाच बुडवलेल्या तुकड्यांचा आहे.

माणसाला सुरक्षित ठेवणारं हे लोखंडी सळ्यांचं जाड काँक्रीट रेडिओच्या लहरींना मात्र आत येऊ देत नाही. उघड्यावर एका मनोऱ्यावरून कित्येक किलोमीटर पोचणारा संदेश बोगद्याच्या तोंडातून आत शिरला, की एखाद्या वळणानंतर संपतो. म्हणून बोगद्याच्या भिंतीवर एक खास केबल टाकतात. साध्या केबलचं काम संदेश आत कोंडून ठेवण्याचं. हिच्या बाहेरच्या धातूच्या आवरणाला मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात, त्यातून संदेश थोडा थोडा झिरपत राहतो. शेतात ठिबक सिंचनाची नळी पाहिली असेल, तर तीच कल्पना. नळी लांबली की शेवटच्या झाडाला पाणी कमी पोचतं, तसा इथेही संदेश क्षीण होत जातो आणि मध्ये मध्ये त्याला वाढवणारी यंत्रं बसवावी लागतात. आग लागून केबल मध्येच तुटली तर पुढचं सगळं मुकं होऊ नये, म्हणून शहाणे लोक तिला दोन्ही टोकांकडून संदेश पुरवतात.

दुसरी नाजूक जागा म्हणजे बोगद्याचं तोंड. विल्हेल्मिनाप्लेन सोडलं की आपली मेट्रो जमिनीखालून वर येते आणि राइनहाफनला थेट पुलावर चढते. आपल्या दृष्टीनं तो छान क्षण, कारण एकदम उजेड येतो. कुठल्याही शहरातल्या अशा जागी गाडीतल्या रेडिओला मात्र काही क्षणांत केबलचा हात सोडून उघड्यावरच्या मनोऱ्याचा हात धरायचा असतो. त्याच क्षणी चालक बोलत असेल तर वाक्य अर्धं इकडे, अर्धं तिकडे.

हे सगळं कोणासाठी? मेट्रोच्या पुढच्या केबिनमध्ये बसलेल्या एकट्या माणसासाठी. माझे वडील मध्य रेल्वेवर लोकलचे गार्ड होते. आता त्या पदाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. २०२२ च्या जानेवारीत रेल्वेनं नाव बदललं तेव्हा बाबांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांनी दोन दिवस आम्हा सगळ्यांना आपल्याला मॅनेजर म्हणायला लावलं. बारा डब्यांच्या गाडीत पुढे मोटरमन, मागे गार्ड आणि दोघांमध्ये घंटा. दोन ठोके म्हणजे निघा. पण नुसते ठोके देऊन काम संपत नाही. मोटरमननं तेच ठोके परत द्यायचे, मगच गाडी हलवायची. बाबा म्हणायचे, "घंटा वाजवणं हे अर्धंच काम. ती परत वाजली की काम पुरं."

रॉटरडॅमच्या मेट्रोत मागे कोणी गार्ड नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये स्पाइकनिस्सच्या दे आकर्स स्थानकात गाडी रुळाच्या टोकावरून पुढे गेली आणि व्हेल माशाच्या शेपटीच्या शिल्पावर अधांतरी टेकली, ते चित्र जगभर गाजलं. त्या गाडीत चालकाशिवाय कोणी नव्हतं आणि तो सुखरूप बाहेर आला. बाबांना मी तो फोटो पाठवला, तेव्हा शेपटीचं कौतुक करायच्या आधी त्यांनी विचारलं, "एकटाच होता?" सहाशे माणसं मागे बसलेली असोत की कोणी नसो, केबिनमधल्या माणसाला दुसरा माणूस फक्त रेडिओतूनच भेटतो.

आता माझ्या कामातली एक गोष्ट. शहर युरोपातलं, पण रॉटरडॅम नव्हे. त्याहून जास्त सांगणं बरं नाही. नव्या रेडिओचं काम पूर्ण झालं होतं आणि शेवटची तपासणी आमच्याकडे आली. कंत्राटातली अट अशी, की बोगद्याच्या ९५ टक्के लांबीत आवाज स्पष्ट हवा. आकडा ऐकायला छान वाटतो. पण दहा किलोमीटरच्या बोगद्यात उरलेले पाच टक्के म्हणजे पाचशे मीटर, आणि ते पाचशे मीटर कुठले, हे अटीत लिहिलेलं नसतं. रात्री दोन वाजता रिकामी गाडी फिरवून आधीच्या लोकांनी मापं घेतली होती. निकाल अटीपेक्षा चांगला होता. तरी चालकांची तक्रार चालूच: एका वळणावर नियंत्रण कक्षाचं उत्तर येत नाही. कार्यालयात यावर ठरलेलं उत्तर होतं, की जुन्या लोकांना नवं यंत्र आवडत नाही.

मी एका वयस्क चालक बाईंबरोबर केबिनमध्ये बसून दोन दिवस फिरलो. त्यांच्या पिशवीत शाळकरी वही होती. आवाज तुटला की पुढच्या स्थानकात त्या तारीख, वेळ आणि जवळच्या सिग्नलचा क्रमांक लिहून ठेवायच्या. सतरा नोंदी होत्या. सगळ्या त्याच वळणावरच्या आणि सगळ्या सकाळच्या किंवा संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेच्या. दुपारची एकही नाही, रात्रीची एकही नाही.

वही हातात धरल्यावर कोडं सुटायला फार वेळ लागला नाही. बोगद्यात दोन रूळ शेजारी शेजारी होते आणि केबल एकाच भिंतीवर. गर्दीच्या वेळी गाड्या दर काही मिनिटांना सुटतात, तेव्हा वेळापत्रकाप्रमाणे दोन गाड्या नेमक्या त्या वळणावर एकमेकींना ओलांडत. म्हणजे बाईंची गाडी आणि केबल यांच्यामध्ये दुसऱ्या गाडीची सगळी लोखंडी भिंत येत होती. रात्री मापं घेणारी गाडी एकटीच फिरली, तेव्हा तिला अडवणार कोण?

यावर मला सांगण्यात आलं, की ओलांडायला चार-पाच सेकंद लागतात. तेवढं चालतं, सही करा. रोजच्या दिवसाचा विचार केला तर खरंच चालतं. पण रेडिओ रोजच्या दिवसासाठी नसतोच. काही बिघडलं, वीज गेली, धूर दिसला, की गाड्या थांबतात. आणि दोन गाड्या त्याच वळणावर शेजारी शेजारी थांबल्या तर चार सेकंदांचा खंड अर्धा तासही टिकेल. गरज नसताना चालणारा आणि गरज असताना बंद पडणारा रेडिओ, असा त्याचा अर्थ. मी सही केली नाही आणि हेच अहवालात लिहिलं. सहा आठवडे वातावरण तापलेलं होतं. बैठकीत माझ्याशी हवापाण्याच्या गप्पाही कोणी मारेना, आणि युरोपात हवापाण्यावर न बोलणं म्हणजे बहिष्कारच. अखेर गर्दीच्या वेळी पुन्हा मापं घेतली गेली, आलेखात खड्डे स्पष्ट दिसले आणि समोरच्या भिंतीवर दुसरी केबल टाकली गेली.

मी हट्ट धरला, त्यामागे या व्यवसायातल्या प्रत्येकाला पाठ असलेल्या तारखा आहेत. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात आग लागली आणि ३१ माणसं गेली. अग्निशमन दलाचे रेडिओ खालून वर पोचत नव्हते. चौकशी झाली, शिफारशी झाल्या. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या मेट्रोत बॉम्बस्फोट झाले, तेव्हाही मदतीला धावलेल्यांपैकी बहुतेकांचे रेडिओ जमिनीखाली निकामी होते आणि निरोप पोचवायला माणसं बोगद्यातून पळत जात-येत होती. मधली जवळजवळ अठरा वर्षं वाया गेली, हे लंडनच्या लोकप्रतिनिधींच्या समितीनं पुढच्या वर्षी स्पष्ट लिहिलं.

रेडिओ चालला म्हणजे सगळं जमलं, असंही नाही. १८ फेब्रुवारी २००३ रोजी दक्षिण कोरियातल्या देगू शहरात एका माणसानं मेट्रोत आग लावली. समोरून आलेली दुसरी गाडी त्याच स्थानकात येऊन पेटलेल्या गाडीशेजारी थांबली. तिचा चालक नियंत्रण कक्षाशी बोलत होता, आवाज पोचत होता. पण निर्णय वेळेवर झाला नाही, आणि शेवटी तो किल्ली काढून घेऊन निघाला तेव्हा दारं बंद राहिली. एकूण १९२ जण गेले, त्यांतले बहुतेक या दुसऱ्या गाडीतले. शब्द ऐकू येणं आणि त्यातून योग्य कृती होणं, यांत एवढं अंतर पडू शकतं.

त्यातच भाषा. अशा रेडिओवर बटण दाबून बोलावं लागतं. बटण दाबल्यावर यंत्र क्षणभर जागा शोधतं आणि बारीक 'टूं' वाजवतं. त्याआधी बोललात तर पहिला शब्द कापला जातो. डच भाषेत 'निघू नका' म्हणताना नकार आधी येतो: 'नीट फरट्रेकन'. पहिला शब्द गेला तर उरतं 'फरट्रेकन', म्हणजे 'निघा'! मराठीत नकार शेवटी, म्हणून आपल्याकडे बोट लवकर उचललं की धोका. शिवाय डचमधलं 'नीट' म्हणजे 'नाही' आणि आपलं 'नीट' म्हणजे 'व्यवस्थित', हा गोंधळ इथे आलेल्या प्रत्येक मराठी माणसानं पहिल्या वर्षी अनुभवलेला आहेच. म्हणून रेडिओवर 'निघू नका' म्हणायचंच नाही, 'थांबा' म्हणायचं. एकच शब्द, आणि तो कापला गेला तर काहीच ऐकू येत नाही. उलटं तरी ऐकू येत नाही.

ही शिस्त फार महाग पडून आली आहे. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावर धुक्यात केएलएमचं विमान धावपट्टीवरच्या दुसऱ्या विमानावर आदळलं आणि ५८३ माणसं गेली. शेवटच्या क्षणी दोघे एकदमच रेडिओवर बोलले आणि केएलएमच्या विमानात महत्त्वाच्या शब्दांऐवजी शिट्टीसारखा आवाज गेला. तेव्हापासून विमानांच्या संभाषणात उड्डाणाचा शब्द प्रत्यक्ष परवानगीखेरीज उच्चारायचा नाही, आणि ऐकलेला हुकूम जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा, यावर कटाक्ष आला. बाबांची परत वाजणारी घंटा ती हीच.

९ ऑक्टोबर २०२५ पासून किंवा नंतर ज्यांनी मुंबईची नवी भुयारी मेट्रो आरे ते कफ परेड अशी पूर्ण पाहिली असेल, त्यांनी मोबाइलला रेंज नाही ही ओरड ऐकली असेल. मलाही ती बरीच ऐकवली गेली, जणू काही मीच जबाबदार! चालकाचा रेडिओ आणि आपला मोबाइल या दोन वेगळ्या व्यवस्था असतात, एवढं सांगून मी सुटतो. पण मनातून बरं वाटतं. साडेतेहतीस किलोमीटर जमिनीखालून जाताना आपला आवाज वर पोचतो का, असा प्रश्न लोकांना पडायला लागला आहे.

तो प्रश्न इथेही विचारत राहा. मेट्रोतली एखादी सूचना समजली नाही तर स्थानकावर जाऊन सांगा, लेखी कळवा. तारीख, वेळ, जागा लिहा. 'नेहमीच असं होतं' या वाक्यावर कोणी केबल बदलत नाही. त्या बाईंच्या वहीतल्या सतरा ओळींवर बदलली. त्या आता निवृत्त झाल्या आहेत. वही नव्या चालकाला देऊन गेल्या, आणि त्यात अठरावी नोंद अजून झालेली नाही.