पलूस परिसरातील विहिरी आणि मोटेचे दोन दोर

पुणे–मिरज लोहमार्गावरील किर्लोस्करवाडी स्थानकावर उतरून कुंडलच्या झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथांच्या दर्शनास निघालेल्या यात्रेकरूंची दृष्टी डोंगराकडे लागलेली असते. तथापि पलूस तालुक्याच्या या ऊस-द्राक्षांच्या मुलखात एखादी जुनी दगडी विहीर दिसली, तर तेथेही क्षणभर थांबावे. मोटेच्या चाकाचा आधार, पाणी पडण्याचे थारोळे आणि बैलांची उतरती धाव, एवढ्या खुणांवरून जुनी शेती डोळ्यांपुढे उभी राहते.

मोटेला दोन दोर असत. जाड नाडा वरच्या चाकावरून जाऊन मोटेचे तोंड उचली. बारीक सोल थारोळ्याच्या काठावरील कण्यावरून जाऊन मोटेची सोंड सांभाळी. बैल धावेवरून उतरू लागले की दोन्ही दोर एकदमच ओढले जात. सोल आखूड असल्याने वर येईपर्यंत सोंड दुमडलेली राही आणि पाणी सांडत नसे. काठाशी येताच मोट चाकाकडे चढे, सोंड थारोळ्यावर पसरे आणि पाणी आपोआप पाटाला लागे. त्यामुळे मोट रिकामी करण्यास काठावर दुसरा माणूस लागत नसे. सोल थोडा लांब झाला, तर मात्र बैलांचे सारे श्रम पुन्हा विहिरीतच पडत.

समुद्रावरही हेच तत्त्व चालते. दोन तराफ्यांच्या कॅटामरान नौकेची डोलकाठी पोकळ असली, तर दोर तिच्या आतून, कप्प्यांवरून खाली आणता येतात. एक दोर शीड वर चढवतो. दुसरा त्याची पुढची कड खाली ताणून वाऱ्याच्या जोराप्रमाणे शिडाचा फुगवटा कमी करतो. नावाडी खाली बसूनच उंचावरचे शीड आवरतो. मोटकरीही असाच धावेवरून विहिरीच्या तळाशी असलेली सोंड आवरीत असे.

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज बहुतांशी शेतकरी. त्याच्यापुढे मोटेने एक पेच उभा केला होता. मोट चामड्याची, आणि चर्मस्पर्श झालेले पाणी श्रावकाला त्याज्य. म्हणून मोटेचे पाणी पिकाला, आणि पिण्याचे व अभिषेकाचे पाणी धातूच्या भांड्याने वेगळे काढून, गाळून घ्यावयाचे, अशी मर्यादा. परंतु पाणी वेगळे काढल्याने बैलांचे कष्ट संपत नव्हते. आसुडाखाली दिवसभर चढ-उतार करणाऱ्या त्या मुक्या जिवांचा प्रश्न उरतच होता.

त्याचे उत्तर याच तालुक्यात घडले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाने दिलेल्या निवडुंगाच्या माळरानावर कारखाना वसवला. तेथे आधी लोखंडी नांगर आणि १९२६ पासून पंप तयार होऊ लागले. पुढे इंजिन आणि वीज शेतावर पोहोचली, तसतशी धाव ओस पडत गेली.

बैलांच्या मानेवरचा भार उतरला, ही अहिंसेच्या दृष्टीने मोठीच कमाई. मात्र मोटेच्या काळात बैलांच्या दमाने पाण्याच्या उपशाला आपोआप मर्यादा घातली होती. पंपाला दम लागत नाही. यापुढे ती मर्यादा शेतकऱ्यालाच घालून घ्यावी लागणार. परिग्रह-परिमाणाचे व्रत माहीत असलेल्या समाजाला हे वेगळे सांगावयास नको. ओढणारा नाडा आता यंत्राने घेतला आहे. आवरणारा सोल अजून माणसाच्याच हाती आहे.